गावकरी क्रमांक चार

मोरेवाडीच्या माळावर, चित्रनगरीत,
एक गाव आहे ज्याला पाठ नाही.
पुढून चावडी, मागून प्लायवूड.
त्या गावात आजवर अकरा खून झाले
आणि अकराही वेळा मी तिथं होतो.

दर शुक्रवारी गावाचं नाव बदलतं.
पार तोच, पिंपळ तोच (फायबरचा), मी तोच.
यादीत हिंदुराव साळोखे असं लिहीत नाहीत,
'गावकरी क्रमांक चार' लिहितात.
दिवसाला आठशे, नाश्ता, जेवण,
टोपी आपली आपण आणायची.

काम सोपं. प्रेत उचललं की मान हलवायची.
इन्स्पेक्टर जीपमधून उतरतो, गॉगल काढतो,
'कुणी काय बघितलं? काय ऐकलं?'
सगळे एकमेकांकडं बघतात
आणि कॅमेरा माझ्यावर येतो.
माझी एकच ओळ:
'न्हाई साहेब. आमी झोपलो हुतो.'

दिग्दर्शक माझ्या पोराच्या वयाचा.
म्हणाला, काका, खाली बघू नका,
खाली बघितलं की खोटं वाटतं.
सात टेक झाले त्या दिवशी.

त्याला कसं सांगू,
ही ओळ मी एकदा एकाच टेकमध्ये दिलीय.

शुक्रवार पेठ. पंचगंगेचं पाणी नुकतंच उतरलेलं,
आमची आणि सरनोबतांची भिंत एकच, ओली.
पलीकडं मालननं चपाती लाटली
की आमच्या फळीवरची वाटी वाजायची.
त्या रात्री वाटी वाजली,
पण चपातीची वेळ नव्हती.
टीव्हीवर असलाच कुठल्यातरी खुनाचा भाग चाललेला.
बायकोनं माझ्याकडं बघितलं.
मी रिमोट घेतला, आवाज वाढवला.
वाढवला.
जाहिराती लागल्या तरी कमी केला नाही.

पहाटे गंगावेशीत दूधकट्ट्यावर
ग्लासात फेस, मिशीला फेस,
तिथं कळलं, सरनोबतांची सून नदीत.
पाय घसरला म्हणे.
पाचजणांनी सांगितलं, पाचही जणांनी तेच दोन शब्द,
पाठ केल्यासारखे.

फौजदार मोटरसायकलवर आला, घाम पुसत.
आधी सरनोबतांच्यात चहा घेतला,
मग आमच्या उंबऱ्यात उभा राहून विचारलं.
मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. सरळ.
आत बायको मघाचीच वाटी पुन्हा विसळत होती.

शेजारधर्म म्हणतात त्याला.
आमच्या लग्नाला त्यांच्या घरची भांडी,
तालमीत एकाच हौद्यातली माती अंगाला.
इतकी जवळीक
की मध्ये एक बाई मावली नाही.

मालिकेत चाळीस मिनिटांत सापडतो.
बांगडीचा तुकडा, तुटका चपलेचा अंगठा,
शेवटी कोणीतरी गुडघ्यांवर बसून कबूल करतं.
आमच्या गल्लीत शोधायचं काही नव्हतंच,
सगळ्यांना माहीत होतं.
त्याचा भाग होत नाही.

मालनची पोर आता तिशीची, माहेरपणाला आलीय.
परवा दारात थांबली, कडेवर लेकरू,
'काका, शुक्रवारी दिसलासा की टीव्हीवर.
ब्येस केलंसा. खरं वाटलं.'
एवढंच.
लेकराच्या नाकाला पदर लावला आणि आत गेली.

काल शुक्रवार. आम्ही टीव्ही लावलाच नाही,
दिवा घालवून पडलो.
साडेनऊला पलीकडं लागला.
आवाज वाढला.
वाढला.
फळीवर वाटी थरथरली
आणि भिंतीतनं माझाच आवाज आला,
सात टेकमधला सगळ्यात चांगला.

अंधारात बायको म्हणाली,
'जागं हाईसा न्हवं?'